सुई थांबली तिथे

११ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. रागावला असशील तर अर्धाच घे, उरलेला मी आल्यावर देईन.

सलग पाच रविवार फोन करतेय. घंटा वाजत राहते, कोणी उचलत नाही. शेवटी तुझ्या जिन्याखालच्या घड्याळजींना फोन लावला. ते म्हणाले, "आहेत की! सकाळीच उतरताना पाहिलं. मान हलवून गेले." म्हणजे तू आहेस, हिंडतोयस आणि माझा फोन तेवढा घेत नाहीस.

कारण मला ठाऊक आहे. मी अर्थखात्यात लागले तेव्हा तू म्हणाला होतास, "टिचके, ज्यांच्या फाटकासमोर मी तीस वर्षं घसा फोडला, त्याच फाटकाच्या आत जाऊन बसलीस होय!" आई होती तोवर ते हसण्यावारी जायचं. ती जाऊन चार वर्षं झाली. आता ते वाक्य मला एकटीला ऐकू येतं.

पण आज काम आहे, म्हणून लाज सोडून लिहितेय. मंत्र्यांनी भर सभागृहात सांगून टाकलंय की या वर्षी कराच्या पावतीबरोबर प्रत्येक करदात्याला एक पान जाईल. देशावर कर्ज किती, कोणाचं, कशासाठी आणि त्यात तुमचं काय, हे त्यात सांगायचं. एकच पान, साध्या भाषेत. ते काम फिरत फिरत माझ्या टेबलावर आलं, कारण आमच्या सार्वजनिक कर्ज शाखेत खुर्च्या तीन आहेत आणि माणूस मी एकटी. एक जण निवृत्त झाले, दुसरीची बदली झाली. त्यांच्या खुर्च्यांवर आता फायली बसतात.

पहिला मसुदा सोबत आहे. सुरुवात अशी: "आज या देशातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर, नुकत्याच जन्मलेल्या बाळासकट, सव्वा लाखाचं कर्ज आहे." साहेबांना हे वाक्य फार आवडलंय. मला त्यात काहीतरी खुपतंय, पण काय ते कळत नाही.

आठवतं? तू युनियनची भाषणं लिहायचास आणि आई शिंप्याकडची बटणं लावत बसलेली असायची. तू वाचायचास आणि तिची सुई जिथे थांबेल तिथे कागदावर वर्तुळ काढायचास. "आक्काची सुई थांबली म्हणजे वाक्य लागलं. बाकीचं खोडा!" मला ती वर्तुळं हवी आहेत, मामा. समास मोठा सोडलाय. कोणाला तरी वाचून दाखव.

तुझी,
टिचकी


१९ जानेवारी

चि. टिचकी,

पूर्ण नमस्कार पोचला. रागबिग काही नाही. फोन बिघडलाय. घंटा वाजते, पण इकडून पलीकडे आवाज जात नाही. दुरुस्त होईल तेव्हा होईल. हात शाबूत आहे, तोवर पत्रं लिहू.

आता तुझ्या पानाकडे येतो, आणि जरा सांभाळून बस.

डोकी मोजून कर्ज वाटलंस! मग डोकी मोजून बाकीचंही वाट की. त्या बाळाला सांग, तुझ्या नावावर सव्वा लाख आहेत, आणि तुझ्याच नावावर अडीच हात पाइपलाइन, पुलाचे चार खिळे, शाळेच्या भिंतीच्या दहा विटा आणि कधीच न उडालेल्या त्या सरकारी विमानाचा एक स्क्रूसुद्धा आहे. कर्ज सांगायचं आणि कशाचं ते गिळून टाकायचं, याला माहिती म्हणत नाहीत. याला भीती घालणं म्हणतात. घाबरलेला माणूस प्रश्न विचारत नाही, पोरी. तो मान खाली घालून पैसे भरतो आणि घरी जातो. तुझ्या साहेबांना ते वाक्य का आवडलं, कळलं का आता?

मी पाणीखात्यात एकतीस वर्षं चावीवाला होतो. टेकडीपलीकडून येणारी मोठी पाइपलाइन टाकली ती कर्ज काढून. तिची पहिली चावी मी फिरवली आणि तिचा शेवटचा हप्ता फिटला तो मी निवृत्त झालो त्या वर्षी. मधल्या काळात जे जन्मले ते सगळे तेच पाणी प्यायले आणि त्यांनीच थोडं थोडं फेडलं. यात अन्याय काय झाला? एकाच वर्षाच्या करातून ती ओढली असती तर त्या वर्षीच्या लोकांचा जीव गेला असता आणि पाणी मात्र तुम्ही फुकट प्यायला असतात.

आणि देणं कोणाचं लागतो आपण? ते पानावर कुठेच नाही! माझ्या पेटीत पोस्टाची बचतपत्रं आहेत. ते पैसे काय पोस्टमास्तरांनी टोपीत ठेवलेत? सरकारला दिले. म्हणजे महिन्याच्या शेवटी दूध उधार आणणारा हा म्हातारा सरकारचा सावकार आहे. ऐट बघ! हे लोकांना सांग. आणि हेही सांग, की ज्याच्याकडे बचतपत्र नाही तो बिचारा व्याज नुसतं देतो, घेत नाही. गोड तेवढंच सांगू नकोस.

पुन्हा लिही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी एका ठिकाणी जाऊन बसतो. वाचनालयासारखंच समज. लांब बाकं आहेत, नंबर येईपर्यंत माणसं बसलेली असतात, बोलायला मनाई. तुझे कागद तिथे फिरवतो.

आक्काचा बटणांचा डबा माझ्याकडेच आहे. संध्याकाळी रंगांप्रमाणे वेगळी करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र ओततो. काम संपू नये म्हणून.

मामा


४ फेब्रुवारी

ती. मामा,

मसुदा पुन्हा लिहिला. पाइपलाइन घातली, बचतपत्रं घातली, विमानाचा स्क्रू मात्र मनातच ठेवला. खात्याची म्हणून जी वाक्यं सोडता येत नाहीत, तीही आहेत. चार प्रती पाठवतेय.

साहेबांनी वाचून चष्मा काढला. "बाई, हे कर्जाचं पान आहे की पाणीखात्याचा अहवाल?"

"साहेब, पाणी सगळे पितात."

"असं बोलायला शिकवलं कोणी तुम्हाला?"

"मामानं."

"काय करतात मामा?"

"बोलतात," मी म्हटलं. त्यांनी चष्मा परत लावला.

भांडण झालं, पण निकाल बरा लागला. चोवीस मार्चला समितीपुढे चाचणी आहे. चिठ्ठ्या टाकून बारा साधे करदाते बोलावणार, त्यांना माझं पान वाचायला देणार आणि मग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारणार: कर्ज कशासाठी, कोणाकडून आणि त्याचं तुम्हाला काय. बारांपैकी आठांना सांगता आलं तर माझं पान देशभर जाईल. नाही आलं तर साहेबांचं, ते बाळाचं. बाळाच्या पायात लोखंडी गोळा दाखवणारं चित्रही तयार आहे म्हणे. मामा, ते चित्र घराघरांत जाऊ द्यायचं नाही मला.

एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात माझा वाढदिवस झाला. दरवर्षी तू फोनवर इतका ओरडतोस की रिसीव्हर लांब धरावा लागतो. फोन बिघडलाय हे माहीत होतं, तरी मी संध्याकाळी तो उशाशी घेऊन बसले. रविवारची घंटा तर मी अजूनही देतेच. दिवसभरात एकच माणूस माझ्याशी बोलला. कँटीनवाला. "आणखी काही?" म्हणाला. मी "नाही" म्हणाले.

तुझी,
टिचकी


१७ फेब्रुवारी

चि. टिचकी,

चारी प्रती वर्तुळांसकट परत पाठवतोय. तू चकित होशील. मीही झालो.

एक ट्रक चालवणारा, एक बालवाडीची बाई, दोघी बहिणी आणि एक माझ्याएवढाच म्हातारा. पाइपलाइनचा भाग सगळे सरसर वाचून गेले, कोणी थांबलं नाही. मला जरा लागलं, आपलीच पाइपलाइन! पण थांबले कुठे, सांगू? "कर्जाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले प्रमाण हाच खरा निकष होय." तिथे पाचांपैकी चार जण थांबले. "मुदत भरलेले रोखे नव्या रोख्यांनी बदलले जातात." तिथे पाचही. थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. ट्रकवाल्यानं तर डोकं खाजवलं आणि छताकडे बघत बसला.

पाहिलंस? मी जन्मभर ओरडून सांगत आलो की माणसांना बाळबोध समजू नका. त्यांच्यासमोर अवघड आणि खरं ठेवा, ती पेलतात. सोप्या गोष्टी सांगून त्यांना झोपवणारे पुढारी मी पोत्यानं पाहिले. तुझ्या बारा माणसांपुढे ही वाक्यं ताठ मानेनं ठेव. वर्तुळ कधी खोटं बोललेलं नाही.

वाढदिवस विसरलो नव्हतो. एक बटण पाठवतो. निळं, कडेला चीर गेलेलं. तुझ्या शाळेच्या कोटाचं आहे. आक्कानं ते बदललं, पण टाकलं नाही.

मामा


१० मार्च

ती. मामा,

पान तयार, प्रत सोबत आहे! वर्तुळांवरच उभं केलं. वर्तुळ होतं ते ठेवलं, नव्हतं ते खोडलं. पाइपलाइन गेली, बचतपत्रं गेली. वाईट वाटलं, पण आईच्या सुईपुढे आपलं काय चालणार? साहेब म्हणाले, "आता कसं, खात्याच्या कागदासारखं वाटतंय." त्यांनी कौतुक केलं की मला धडकी भरते, पण मी वर्तुळांवर विश्वास ठेवला.

आता खरी गोष्ट. आमच्या नियमांत एक कलम शोधून काढलंय. चाचणीआधी पान एकदा मोठ्यानं वाचून दाखवायला बाहेरचा माणूस आणता येतो. मामा, तू ये. फाटकासमोर बिनमाइकचा बोलायचास आणि रस्त्यापलीकडच्या दुकानदारांच्या हातातली मापं थांबायची. उगाच नाही लोक तुला भोंगा म्हणायचे. त्या आवाजात ते पान ऐकलं तर बाराच्या बारा जागे होतील. आणि ज्या फाटकाबाहेर तू तीस वर्षं उभा राहिलास, त्याच्या आत तू माझा हात धरून येशील.

तिकिटाचे पैसे सोबत आहेत. चोवीस तारखेला सकाळी पावणेआठची गाडी. उत्तराची वाट बघत नाही, थेट फलाटावर उभी राहीन. तुझ्यासाठी पलंगावर नवी चादर घातलीय. या खोलीत दुसरं माणूस झोपलं त्याला किती वर्षं झाली!

तुझी,
टिचकी


२१ मार्च

चि. टिचकी,

हे पत्र चोवीस तारखेच्या आत पोचलं पाहिजे. घड्याळजी लेकीकडे गेलेत, नाहीतर त्यांनाच तुला फोन करायला लावलं असतं. आधी कामाचं सांगतो, मग माझं.

वर्तुळं चुकीची आहेत. ते पान वाचू देऊ नकोस. पाइपलाइन परत घाल, बचतपत्रं परत घाल.

काल शुक्रवारी नेहमीच्या बाकावर तुझ्या नव्या पानाची प्रत एका इस्त्रीवाल्या बाईंच्या हातात होती. त्या ओळीखाली बोट धरून वाचत होत्या. "रोखे" या शब्दावर बोट थांबलं. मी वर्तुळ काढायला पेन्सिल उचलली, तोच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, म्हणजे काय हो हे?"

मी तोंड उघडलं. त्या वाट बघत राहिल्या. मग हसून शेजारणीला म्हणाल्या, "अगं, काकांनाही कळलेलं दिसत नाही."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आक्का ऐकत होती. ऐकता ऐकता मन अडकलं की तिचा हात सुटायचा. ही माणसं ऐकत नव्हती, स्वतः वाचत होती. वाचणाऱ्याचं बोट रस्ता संपला की थांबतं. पाइपलाइनवर ती सरसर गेली, कारण तिथे रस्ता होता. मी महिनाभर खड्डे मोजले आणि तुला म्हटलं, याच जागा मजबूत आहेत. वर ‘माणसांना कमी लेखू नका’ म्हणून छाती बडवली. माणसं कमी नव्हती. वाक्यं कमी पडत होती.

आता तू विचारशील, मामा, तू वाचून का नाही दाखवलंस?

टिचके, माझा आवाज गेला. घशात गाठ होती. नोव्हेंबरच्या शेवटी ती काढताना स्वरयंत्रही काढावं लागलं. ते बाक वाचनालयाचं नाही, रुग्णालयाचं आहे. गळ्याला भोक आहे, त्यावर रुमाल बांधतो. दूधवाल्याशी पाटीवर लिहून बोलतो. फोन धडधाकट आहे. दर रविवारी तो वाजतो, मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतो. तू बावीस घंटा वाजू देतेस. गेल्या रविवारी चोवीस दिल्यास. तेवढा वेळ घरात कोणीतरी आहे असं वाटतं.

सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर नोकरी सोडून धावत आली असतीस. आणि खरं सांगू, दुसरं कारण मोठं आहे. आवाजाशिवाय मी कोण, ते मलाच अजून कळलेलं नाही. भोंगा बंद पडला हे गावभर ओरडून सांगायला भोंगाच लागतो.

आमच्या कामाला खरं तर आवाज कधी लागलाच नाही. चाव्या अर्धा अर्धा मैल लांब. जोडीदार पाइपावर लोखंडानं ठोका द्यायचा आणि इकडे आम्ही काठी कानाला लावून ऐकायचो. एक ठोका म्हणजे पाणी पोचलं. दोन म्हणजे नाही पोचलं, पुन्हा सोड. तेवढ्यात सगळं भागायचं. घसा मी फाटकासमोर खर्च केला. त्याचा पश्चात्ताप नाही.

मी येणार नाही. फलाटावर उभी राहू नकोस. चादर घडी घालून ठेव.

मामा


२४ मार्च

मामा,

पावणेआठची गाडी आली. सगळे उतरले, हमालही गेले. मी सव्वानऊच्या गाडीपर्यंत थांबले आणि मग एकटीच कचेरीत गेले.

ते पान मीच वाचलं. बारा माणसं होती. मग प्रत मिळाल्यावर सगळ्यांनी मान खाली घालून वाचायला घेतलं आणि मी त्यांच्या हातांकडे बघत उभी राहिले. तू जिथे वर्तुळं काढलीस ना, नेमक्या त्याच शब्दांवर बारा बोटं थांबली आणि बहुतेक पुढे सरकलीच नाहीत. एक बसवाहक बाई म्हणाल्या, "ताई, हे कर्ज आहे की कोडं?" सगळे हसले. साहेब सगळ्यांत जास्त.

बारांपैकी तीन. समितीत एक निवृत्त न्यायाधीश बाई आहेत, त्यांना माझी दया आली. म्हणाल्या, आठ एप्रिलला आणखी एक संधी द्या, नवे बारा बोलवा. बाळाचं पान मात्र छापखान्यात जुळवून ठेवायला सांगितलंय.

तू फाटकावर उभा राहून कधी कोणाला फसवलं नाहीस, हे मी अभिमानानं सांगत आले. मग मला का? मी त्यांच्या बाजूची झाले म्हणून? राग होता तर फोनवर चार शिव्या घालायच्या होत्यास. आईच्या सुईचं नाव घेऊन हे करायला नको होतं.

पुढच्या रविवारपासून मी फोन करणार नाही.


२९ मार्च

मामा, माझ्या मामा,

तुझं एकवीसचं पत्र सव्वीसला मिळालं. वाटेत दोन्ही पत्रं एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला मिळालं असेल. ते फाड. फाडून झालं की तुकडेही जाळ.

तीन दिवस झाले, कसं लिहू कळत नाहीये. मी इथे कर्ज समजावून सांगायला बसले, आणि माझाच माणूस चार महिने पाटीवर दूध मागतोय ते मला कळलं नाही. घड्याळजी म्हणाले होते, "मान हलवून गेले." मी ते ऐकून पुढे गेले. माझं बोट तिथे थांबायला हवं होतं.

रजेचा अर्ज दिलाय. चाचणी होईपर्यंत साहेब सोडत नाहीत, छपाई आटोपेपर्यंतही सोडणार नाहीत. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी तुझ्या जिन्यात असेन. तोवर एक कर.

पाच एप्रिलला, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता मी फोन करीन. उचल. बोलायचं नाहीये. आईच्या डब्यात तिचं अंगुस्तान असेल, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती धातूची टोपी. ती बोटात घाल. एक जुना सदरा घे, सुई ओव आणि बटण लावायला बस. मी नवं पान मोठ्यानं वाचीन. दर वाक्यानंतर थांबेन. कळलं तर अंगुस्तानानं रिसीव्हरवर एक ठोका. नाही कळलं तर दोन, मी पुन्हा लिहीन. आवाज माझा घे. हात तुझा दे.

बावीस घंटा वाजू देऊ नकोस. पहिल्या घंटेला उचल.

तुझी,
टिचकी


६ मे

चि. टिचकी,

आज कराची पावती आली आणि तिच्याबरोबर तुझं पान. घड्याळजींना आलं, दूधवाल्याला आलं, समोरच्या पोपडे उडालेल्या भिंतीच्या घरातल्या मास्तरांना आलं. जिन्यात उभं राहून सगळे वाचत होते. मी वरून त्यांच्या बोटांकडे बघत होतो. एकाचंही बोट अडलं नाही.

तुझं कार्ड पोचलं होतं: "बारांपैकी अकरा." बारावे बहुधा साहेबांचे मेहुणे असतील.

तू शनिवारी येतेस. त्याआधी मला काहीतरी लिहून ठेवायचं आहे, कारण समोर बसल्यावर पाटीवर ते मावणार नाही.

त्या रविवारी मी पावणेपाचलाच बसलो. अंगुस्तान करंगळीत गेलं, आक्काची बोटं केवढीशी होती! घंटा वाजली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मी तो उचलला. तू नमस्कारही केला नाहीस, सरळ वाचायला लागलीस. बरं केलंस.

"बेचाळीस वर्षांपूर्वी एका शहराला पाणी नव्हतं." मी ठोका दिला. "पाइपलाइनचा सगळा खर्च त्याच वर्षीच्या करातून काढला असता, तर त्या वर्षी शाळा आणि दवाखाने बंद ठेवावे लागले असते." ठोका. "म्हणून सरकारनं ते पैसे उसने घेतले, बरेचसे तुमच्याकडूनच: पोस्टात, पेन्शनीत, बँकेत तुम्ही ठेवलेले." ठोका. "आज तुम्ही भरलेल्या दर शंभरातले एकोणीस या कर्जाच्या व्याजाला जातात. ज्याची बचत आहे त्याला त्यातलं थोडं परत मिळतं. ज्याची नाही, तो फक्त देतो." तिथे मी असा ठोकला की तू म्हणालीस, "मामा, कान!"

मग ते जुनं फेडायला नवं घेण्याचं वाक्य आलं. दोन ठोके. तू दुसरं वाचलंस. दोन ठोके. तू उसासा टाकलास, खोडल्याचा आवाज आला आणि तू तोंडानंच म्हणालीस, "देशाची कमाई व्याजापेक्षा वेगानं वाढत असेल, तोवर जुनं फेडायला नवं घेतलं तरी चालतं. उलटं झालं की पाइपाला गळती लागते आणि ती दिसायच्या आधी बरीच वाढलेली असते." एक ठोका. एकतीस वर्षं गळती ऐकलेल्या माणसाचा ठोका होता तो, लक्षात ठेव.

"काही कर्जानं पूल झाले. काही कर्जानं काहीच झालं नाही." ठोका. विमानाचा स्क्रू ओळखला मी.

आणि मग शेवटचं वाक्य. "हे कर्ज पुढे जे फेडतील, त्यातल्या कितीतरी जणांना अजून बोलताही येत नाही, त्यांच्या वतीनं आज तुम्ही विचारा, हे पैसे कुठे गेले?"

एक ठोका पडला नाही. दोनही पडले नाहीत. तू थांबलीस. "मामा?" म्हणालीस. मी काही केलं नाही. पलीकडे तुझी खुर्ची वाजली, कोणीतरी दार लोटलं, तू श्वास घेतलास आणि सोडलास. किती वेळ गेला, देव जाणे. मग तू हळूच "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

तू ठेवल्यावर मी खाली पाहिलं. सुई बटणाच्या दुसऱ्या भोकात अर्धी जाऊन तशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी तुला लिहायला बसलो की ते वाक्य खोडू नकोस. पण त्याच सकाळी गळा सुजला म्हणून आत घेतलं, अकरा दिवस ठेवलं. घाबरू नकोस, आता बरा आहे. तिथे पडल्या पडल्या एकच काळजी होती. ठोका आला नाही, म्हणजे कळलं नाही, असा हिशेब तू करणार. नियम तूच घातला होतास. एकदा मी थांबण्याचा अर्थ चुकवला, आता तू चुकवणार. छापायला पान गेलं असणार आणि ते वाक्य त्यात नसणार.

म्हणून आज पावती बाजूला टाकून आधी पानाचा शेवट पाहिला.

ते वाक्य तिथे आहे. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

म्हणजे तुला ऐकू आलं.

मामा